एक किलोचा पक्षी आणि रुग्णाचं हेलिकॉप्टर

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून निघालेल्या एअरबसच्या दोन्ही इंजिनांत कॅनडा गूज जातीचे हंस शिरले आणि कॅप्टन सलनबर्गर यांनी विमान हडसन नदीत उतरवलं. विमानातले १५५च्या १५५ जण वाचले. त्यावर पुढे पुस्तक आलं, चित्रपट आला आणि पक्ष्यांच्या धडकेचा विषय जगभरच्या सामान्य माणसांपर्यंत पोचला. याच्या अकराच दिवस आधी, ४ जानेवारीला, लुइझियाना राज्यात मॉर्गन सिटीजवळ एक हेलिकॉप्टर दलदलीत कोसळलं होतं. त्यातल्या नऊ जणांपैकी आठ जण गेले. त्यालाही पक्षीच धडकला होता, पण ही घटना विमानक्षेत्राबाहेर फारशी कुणाला ठाऊक नाही. या प्रकरणाचा विषय मात्र त्या दुसऱ्या घटनेच्या बाजूला पडतो. पक्ष्यांपासून विमानं वाचवण्याची जी व्यवस्था जगाने गेल्या सहा-सात दशकांत उभी केली, ती मोठ्या विमानांच्या आणि विमानतळांच्या मापाने बेतलेली आहे. रुग्णाला घेऊन जाणारं हेलिकॉप्टर तिच्यात बसत नाही, आणि म्हणून त्याचं संरक्षण त्याच्या स्वतःच्या अंगावरच असायला हवं, हे मला इथे दाखवायचं आहे.

लुइझियानातला अपघात आधी नीट पाहू, कारण त्यात एकेक दुवा स्पष्ट दिसतो. हेलिकॉप्टर सिकॉर्स्की एस-७६ जातीचं, दोन इंजिनांचं, दोन वैमानिकांचं होतं. समुद्रातल्या तेलफलाटावर कामगारांना नेत होतं. आपल्याकडे जुहूहून मुंबई हायकडे हेलिकॉप्टरं जातात, तसंच. उंची साधारण २६० मीटर, वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर, हवा स्वच्छ. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात एकदम मोठा आवाज येतो, मग आत घुसणाऱ्या वाऱ्याचा घोंघाट, आणि काही सेकंदांत सगळं संपतं. अवशेषांत पहिल्या नजरेला पक्ष्याचा मागमूसही नव्हता. काचेच्या भागावरून पुसून घेतलेल्या नमुन्यात पिसाचे सूक्ष्म तंतू सापडले आणि डीएनए तपासणीतून ती रेड-टेल्ड हॉक जातीची मादी निघाली. आपल्या घारीपेक्षा जरा भारी असा हा शिकारी पक्षी, वजन किलोच्या आसपास. तो आदळला समोरच्या काचेच्या वरच्या कडेशी. त्या हादऱ्याने वैमानिकांच्या डोक्यावरच्या पॅनेलमधल्या, इंजिनाला आग लागली तर ओढायच्या मुठी आपल्या खाचेतून सुटून मागे सरकल्या. त्या मुठींनी इंजिनांना इंधन पुरवणारे दोन्ही लिव्हरही मागे ढकलले. म्हणजे इंजिनं धडधाकट होती, फक्त त्यांना मिळणारं इंधन एकदम घटलं. काच फुटलेली, तोंडावर वारा आदळतोय, कानात घोंघाट. अशा स्थितीत रोटरची गती घसरते आहे हे कळायला आणि लिव्हर पुढे ढकलायला जो वेळ हवा होता, तो त्या उंचीवर नव्हता. रोटरची गती धोक्याखाली गेल्याचं कानावर आदळेल असं सांगणारी यंत्रणाही त्या हेलिकॉप्टरमध्ये नव्हती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताचा जो शोध घेतला, त्यातली सर्वांत बोचणारी गोष्ट काचेची आहे. हेलिकॉप्टरला मूळची काच थरांची होती, म्हणजे दोन काचांमध्ये चिवट प्लास्टिकचा पापुद्रा असलेली. तिच्या जागी वजनाला हलकी अॅक्रिलिकची काच बसवलेली होती. ही काच पक्ष्याच्या धडकेला कितपत टिकते याची चाचणीच झालेली नव्हती, आणि तशी चाचणी नियमानेही मागितलेली नव्हती. हेलिकॉप्टर तेलकामगारांचं होतं, रुग्णाचं नव्हतं, हे खरं. पण एस-७६ घराण्यातली हेलिकॉप्टरं रुग्णवाहिका म्हणूनही उडली आहेत, आणि रुग्णसेवेतली बरीच हेलिकॉप्टरं याहून लहान, हलकी आणि एकाच वैमानिकाची असतात. मॉर्गन सिटीला दोन वैमानिक असूनही जे साधलं नाही, ते एकट्याला, कदाचित डोळ्यांत काचेचे तुकडे गेलेल्या अवस्थेत, साधायचं आहे.

आता विमानतळाची व्यवस्था बघू. धावपट्टीच्या बाजूचं गवत ठरावीक उंचीचं ठेवतात, पाणी साचू देत नाहीत, फटाके आणि आवाजाच्या तोफांनी पक्षी उडवतात. आपल्याकडे १९३७च्या विमान नियमांतला ९१वा नियम विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या परिघात जनावरं कापायला, सोलायला आणि पक्ष्यांना ओढून आणेल असा कचरा टाकायला मनाई करतो. नियमाची अंमलबजावणी किती होते हा वेगळा आणि दुःखाचा विषय आहे, पण त्यामागचा हिशेब पक्का आहे. प्रवासी विमान पक्ष्यांच्या थरातून फक्त चढताना आणि उतरताना जातं, म्हणजे काही मिनिटं. अमेरिकेत १९९० पासून ठेवलेल्या नोंदींवर रिचर्ड डॉलबीर या वन्यजीवतज्ज्ञाने केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की जमिनीपासून ५०० फुटांच्या वर गेल्यावर दर हजार फुटांमागे धडकांची संख्या सुमारे ३२ टक्क्यांनी उतरते. म्हणून विमानतळाभोवती एक वर्तुळ आखून त्यात पक्षी कमी केले, की मोठ्या विमानांचा बहुतेक प्रश्न आटोक्यात येतो. असं वर्तुळ आखूनही धडक पूर्ण टळत नाही, हे मुंबईकरांनी मे २०२४मध्ये पाहिलं. घाटकोपरच्या वस्तीवर, उतरणाऱ्या प्रवासी विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि चाळीसच्या आसपास पक्षी रस्त्यांवर, गच्च्यांवर येऊन पडले. विमान सुखरूप उतरलं, कारण ते मोठं होतं आणि अशा धडकेसाठी त्याची बांधणी तपासलेली होती.

रुग्णाचं हेलिकॉप्टर या वर्तुळात येतच नाही. या सेवेचा पायाच मुळी विमानतळ टाळण्यावर आहे. बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक आर अॅडम्स काउली यांनी जबर जखमी माणसाच्या पहिल्या तासाचं, म्हणजे ‘गोल्डन अवर’चं महत्त्व लावून धरलं, १९७०मध्ये मेरिलँडच्या राज्य पोलिसांनी आणि त्याच वर्षी म्युनिकमध्ये जर्मनांनी नागरी हेलिकॉप्टर रुग्णसेवा सुरू केली. हेलिकॉप्टर जिथे अपघात झाला तिथे जातं. महामार्गाची कड, नदीकाठचं मैदान, शाळेचं पटांगण, डोंगरातली सपाट जागा, आणि शेवटी रुग्णालयाची गच्ची. यांपैकी कुठे पक्षी बसतात, कुठे कचरा पडतो, कुठे तळं आहे, हे निवडणं कुणाच्याच हातात नसतं. शिवाय अंतर थोडं असतं, त्यामुळे फार वर चढण्यात वेळ आणि इंधन जातं. रुग्णाच्या प्रकृतीमुळे कधीकधी वैद्यकीय पथकालाच जास्त उंची नको असते. परिणामी सबंध उड्डाणच त्या थरात होतं, जिथे पक्षी राहतात.

१९ नोव्हेंबर २०१७च्या रात्री अर्कान्सा राज्याच्या पूर्व भागात नेमकं हेच घडलं. रुग्णाला आणायला निघालेलं एक बेल ४०७ हेलिकॉप्टर शेतात कोसळलं आणि वैमानिक, नर्स आणि पॅरामेडिक असे तिघेही गेले. आत रुग्ण नव्हता. अमेरिकेत सर्वांत जास्त भात पिकवणारं राज्य हेच. कापणीनंतर तिथल्या पाणथळ शेतांवर हिवाळ्यात उत्तरेकडून स्नो गूज जातीचे पांढरे हंस लाखोंच्या संख्येने उतरतात, आणि मिसिसिपी नदीच्या अंगाने जाणारा पक्ष्यांचा मोठा स्थलांतरमार्ग याच मुलखावरून जातो. अवशेषांत हंसांचे अंश सापडले; थव्याशी धडक आणि त्यातून सुटलेला ताबा, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. या ठिकाणी कोण गवत कापणार, कोण फटाके फोडणार? शेकडो चौरस किलोमीटर भातशेती पक्षीमुक्त करता येत नाही आणि करूही नये. त्या पक्ष्यांचा तिथे येण्याचा हक्क हेलिकॉप्टरच्या कितीतरी आधीचा आहे.

पक्ष्यांना हटवता येत नसेल तर हेलिकॉप्टरने धडक सोसायला हवी, आणि इथे नियमांतली मोठी पोकळी दिसते. अमेरिकेच्या नियमांत मोठ्या, म्हणजे ‘ट्रान्स्पोर्ट’ वर्गातल्या हेलिकॉप्टरना १९९६ पासून एक अट आहे. एक किलोचा पक्षी पूर्ण वेगात आदळला तरी हेलिकॉप्टरला सुरक्षित उतरता आलं पाहिजे. ही चाचणी अक्षरशः तोफेने होते. दाबाखालच्या हवेवर चालणाऱ्या नळीतून मेलेली कोंबडी किंवा त्याच वजनाचा जिलेटिनचा गोळा काचेवर झाडतात आणि अतिवेगवान कॅमेऱ्यावर काच कशी वाकते, कुठे फुटते ते पाहतात. पण ही अट १९९६ नंतर नव्याने प्रमाणित होणाऱ्या रचनांना लागू. एस-७६चं मूळ प्रमाणपत्र १९७८चं, म्हणून ते सुटलं. आणि ‘नॉर्मल’ वर्गातल्या, म्हणजे सुमारे ३,१७५ किलोपर्यंत वजनाच्या आणि नऊपर्यंत प्रवासी नेणाऱ्या हेलिकॉप्टरना अमेरिकेने ही अट घातलीच नाही. अर्कान्सातलं बेल ४०७ याच वर्गातलं. जगभर रुग्ण वाहणाऱ्या हेलिकॉप्टरांपैकी फार मोठा हिस्सा याच वर्गातला आहे. प्रवासी जेटच्या काचेने जवळपास १.८ किलोचा पक्षी सोसला पाहिजे अशी अपेक्षा असते, आणि ज्याचं अख्खं आयुष्य पक्ष्यांच्या थरात जातं, त्या यंत्राकडून अमेरिकेच्या नियमांत काहीच अपेक्षा नाही. युरोपच्या नियामकांनी २०२१मध्ये लहान हेलिकॉप्टरांतल्या माणसांच्या बचावासाठी नियमबदलाचा प्रस्ताव मांडला. माझ्या मते तो वीस वर्षं उशिरा आला.

यावर पहिला आक्षेप येतो तो प्रमाणाचा. रुग्ण-हेलिकॉप्टरं मुख्यतः पडतात ती खराब हवामानात घुसल्याने, अंधारात डोंगराला धडकल्याने, तारांत अडकल्याने; पक्षी हे कारण यादीत खाली आहे, मग त्यावर खर्च कशाला? यातला पहिला भाग निर्विवाद खरा आहे. अमेरिकेत २००८ साल या सेवेसाठी फार वाईट गेलं, पुढच्याच फेब्रुवारीत जाहीर सुनावणी झाली, आणि २०१४मध्ये नवे नियम आले. त्यांत भूभागाचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली, आणि तीच योग्य प्राथमिकता होती. पण ही यंत्रणा डोंगर, मनोरे, उंच इमारती ओळखते, कारण ते नकाशात असतात. हंसांचा थवा कुठल्याच नकाशात नसतो. म्हणजे एका कारणावर जितकं यश मिळेल, तितका उरलेल्या धोक्यांत पक्ष्यांचा वाटा वाढत जाणार. शिवाय अमेरिकेत पक्षी धडकल्याची नोंद करणं ऐच्छिक आहे. छोटा पक्षी काचेला लागून डाग पडला, वैमानिकाने तो पुसून पुढचं उड्डाण केलं, अशा धडका मोजल्या जात नाहीत. मोजणीच अपुरी असताना ‘प्रमाण कमी आहे’ हा निष्कर्ष जपूनच वापरायला हवा.

दुसरा आक्षेप वजनाचा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. लहान हेलिकॉप्टरमध्ये प्रत्येक किलोला किंमत असते. जाड काच लावली तर तेवढं इंधन, तेवढा ऑक्सिजन किंवा एखादं उपकरण कमी. मॉर्गन सिटीच्या हेलिकॉप्टरला हलकी काच बसली ती याच विचाराने. मात्र प्रश्न जाडीपेक्षा पदार्थाचा आहे. ओतीव अॅक्रिलिक कडक असतं, धडकेने त्याचे धारदार तुकडे होतात. पॉलिकार्बोनेट आधी वाकतं, ऊर्जा शोषतं आणि बहुधा भोक न पडता राहतं. चष्म्याच्या न फुटणाऱ्या काचा आणि पोलिसांच्या ढाली त्याच्याच असतात. त्याला ओरखडे लवकर पडतात, सूर्यप्रकाशाने ते पिवळं पडतं, त्यावर संरक्षक लेप लागतो आणि ते वेळेवर बदलावं लागतं. हा खर्च मान्यच करायला हवा. पण वजनाच्या फार मोठ्या दंडाशिवाय काच सुधारता येते. आणि काच फुटलीच, तर वैमानिकाचा चेहरा वाचवणारं हेल्मेट आणि त्याची खाली ओढलेली पारदर्शक झडप यांचं वजन कुठल्याही हिशेबात नगण्य आहे. एकट्या वैमानिकाच्या हेलिकॉप्टरमध्ये त्याचे डोळे हे यंत्राचाच भाग समजायला हवेत.

तिसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो, तो वेगाचा. अमेरिकेच्या विमान प्रशासनाने, म्हणजे एफएएने, २०२१मध्ये हेलिकॉप्टरचालकांना सल्ला दिला, की पक्षी असतील तिथे शक्य असेल तेव्हा वेग ८० नॉटच्या आत आणा, लवकर उंची घ्या, दिवे लावून ठेवा. हा निव्वळ सल्ला आहे, सक्ती नाही. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. एक किलोचा पक्षी १३५ नॉटला आदळला तर सुमारे २,४०० जूल, ८० नॉटला सुमारे ८५० जूल, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्या थोडी वर. पण रुग्ण मरणाच्या दारात असताना सावकाश जा असं कसं सांगायचं? हिशेब मांडून बघू. ४० किलोमीटरचं अंतर १२० नॉटने, म्हणजे ताशी २२२ किलोमीटरने, पावणेअकरा मिनिटांत होतं. सगळा रस्ता ८० नॉटने कापला तर साडेपाच मिनिटं जास्त लागतील, आणि काही रुग्णांसाठी ती खरोखर जड आहेत. मात्र सुरुवातीचे आणि शेवटचे पाच-पाच किलोमीटर, जिथे उंची कमी असते, तेवढेच ८० नॉटने गेलं आणि मधला टप्पा वर चढून पूर्ण वेगाने केला, तर जादा वेळ दीड मिनिटाच्या आतच राहतो. मेंदूत रक्तस्राव झालेल्या माणसासाठी दीड मिनिटही कमी नाही, हे मी नाकारत नाही. पण या सेवेतली पुष्कळ उड्डाणं एका रुग्णालयातून दुसऱ्यात, आधीच स्थिर केलेल्या रुग्णाला हलवण्याची असतात, आणि रुग्ण पोचवून तळाकडे परतताना तर घाईचं काही कारणच नसतं. निदान या फेऱ्यांत पूर्ण वेगाने खालून जाण्याचं समर्थन कसं करणार?

पक्षी आपणहून बाजूला होतात, हा समजही सुटायला हवा. अमेरिकेतल्या संशोधकांनी काउबर्ड या छोट्या पक्ष्यांना येणाऱ्या वाहनाचं चित्रण दाखवून प्रयोग केले, ते २०१५मध्ये प्रसिद्ध झाले. पक्षी उडण्याचा निर्णय वाहन किती दूर आहे यावर घेत होते, ते किती वेगाने येतंय यावर नाही. ताशी १२० किलोमीटरच्या वर गेल्यावर त्यांना निसटायला वेळच पुरेना. हा प्रयोग जमिनीवरच्या पक्ष्यांचा आणि पडद्यावरचा होता, त्यामुळे तो जसाच्या तसा आकाशाला लावता येणार नाही. पण लक्षावधी वर्षं पक्ष्यांचे बहुतेक शत्रू याहून बरेच सावकाश होते, आणि ताशी २०० किलोमीटरने सरळ रेषेत येणाऱ्या वस्तूचा अंदाज घेण्याची गरज त्यांना क्वचितच पडली होती, हे लक्षात घेतलं तर निष्कर्षाचं नवल वाटत नाही. वेग कमी करण्याचा फायदा असा दुहेरी आहे. धडकेचा जोर घटतो आणि धडक टाळायला पक्ष्यालाही क्षण मिळतो.

उरला शेवटचा आक्षेप, की एक किलोचं माप तरी पुरेसं कुठे आहे? स्नो गूज दोन-तीन किलोचा असतो. आणि हिमालयात तर आठ ते बारा किलोची गिधाडं आकाशात गिरक्या घेतात. त्यांची धडक सोसेल अशी काच लहान हेलिकॉप्टरला लावताच येणार नाही. हे बरोबर आहे, आणि म्हणूनच काच हा उपायाचा एक तुकडा आहे. एम्स ऋषिकेशमधून ऑक्टोबर २०२४मध्ये हेली-अँब्युलन्स सेवा सुरू झाली, ती गढवालच्या दऱ्यांसाठी. तिथे खरा उपाय वेळापत्रकात आणि मार्गात आहे. गिधाडं ऊन तापल्यावर वर चढणाऱ्या हवेच्या खांबांवर स्वार होतात, पहाटे क्वचितच उडतात, आणि त्यांच्या बसण्याच्या कड्यांच्या जागा स्थानिक वनखात्याला आणि पक्षीनिरीक्षकांना माहीत असतात. ही माहिती वैमानिकाच्या नकाशावर आली, तर तातडी नसलेली फेरी सकाळी नेता येते आणि तातडीची फेरी कड्याला वळसा घालून. डायक्लोफिनॅकने भारतातली गिधाडं जवळपास संपवली होती. ती सावरावीत म्हणून जे प्रयत्न चालू आहेत ते यशस्वी व्हावेत अशीच इच्छा आहे, आणि तसं झालं तर आकाशातलं हे नियोजन अधिक गरजेचं होईल.

मैदानी शहरांत चित्र वेगळं आहे. मुंबई, पुणे, नागपूर असो की दिल्ली, रुग्णालयाच्या आसपास दिसणारा मोठा पक्षी म्हणजे घार, आणि तिचं वजन साधारण पाऊण किलो. म्हणजे १९९६च्या त्या मापात ती बसते. जून २०२२मध्ये वाराणसीहून निघालेलं उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर पक्षी धडकल्याने तातडीने परत उतरवावं लागलं. व्हीआयपी उड्डाणाला जे होतं ते रुग्णाच्या उड्डाणाला होणार नाही असं मानायला काही आधार नाही. भारतात हेलिकॉप्टर रुग्णसेवा अजून बाल्यावस्थेत आहे आणि इथे मला मोठी संधी दिसते. जुना ताफा बदलण्याची अडचण अमेरिकेला आहे, आपल्याला फारशी नाही. राज्य सरकारं आणि रुग्णालयं आज जेव्हा सेवेचं कंत्राट काढतात, तेव्हा हेलिकॉप्टरच्या समोरच्या काचेची एक किलोच्या पक्ष्यासाठी चाचणी झालेली आहे का, तिच्या जागी दुसरी काच बसवली असेल तर तिची झाली आहे का, वैमानिक झडपेसह हेल्मेट घालतो का आणि प्रत्येक धडकेची, डाग पुसण्याआधी, नोंद होते का, हे चार प्रश्न निविदेच्या अटींत लिहिता येतात. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. गच्चीवर हेलिपॅड बांधणाऱ्या रुग्णालयाला आपल्या स्वयंपाकघराचा आणि आसपासच्या मटणबाजाराचा कचरा कुठे जातो हे पाहणंही अवघड नाही, कारण घारी तिथूनच येतात.